सी विंगच्या टाकीवरचा उंट

एका शुक्रवारी दुपारी मी पाण्याच्या टाकीवर उंट काढला. खऱ्या टाकीवर नाही, एवढी चढायची ताकद गुडघ्यांत राहिलेली नाही. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर पाण्याचा जो नकाशा आहे, त्यातल्या सी विंगच्या टाकीवर काढला. चांगला दोन वशिंडांचा, मान वर करून बसलेला, तोंडावर साक्षात तुच्छता. काढला, एकटीच हसले, आणि चहाला घरी निघून गेले. रविवारी सकाळपर्यंत त्या उंटानं सी विंगचं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं.

ही गोष्ट मी तरुण असतानाची. म्हणजे सदुसष्ट वर्षांची होते. आता त्या बाईकडे मागं वळून बघितलं की वाटतं, काय अक्कल होती हिला! केस पांढरे झाले म्हणजे शहाणपण आपसूक मुरतं, असं तिला खरोखर वाटायचं.

आधी पाण्याचं सांगते. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. मध्ये बरेच दिवस जातात, मग एकदाचं कधीतरी येतं, आणि ज्या दिवशी येतं तो दिवस सणासारखा. आमच्या सोसायटीत ते आधी जमिनीखालच्या हौदात पडतं, आणि तिथून पंपानं चार विंगांच्या गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं. प्रत्येक विंगचा व्हॉल्व्ह वेगळा. पहिल्या तीन टाक्या भरतात, चौथीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. कधी उरतं, कधी नुसता पंप कोरडा घरघरतो. म्हणून दर वेळी क्रम बदलायचा: आज तुम्ही चौथे, तर पुढच्या खेपेला पहिले. या क्रमावरून आमच्याकडं जितकी भांडणं झालीत तितकी जमिनीच्या बांधावरून झाली नसतील. आणि सोसायटीची सेक्रेटरी कोण, तर मी. कुणालाच व्हायचं नव्हतं आणि मला नाही म्हणता आलं नाही, इतकीच माझी पात्रता.

नाही, एक पात्रता होती. मी सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. धरणं, कालवे, चाऱ्या यांचे नकाशे साहेबलोक पेन्सिलीनं काढायचे, त्यावर ट्रेसिंगचा कागद ताणून आम्ही बायका शाईनं रेघ ओढायचो. मग तो कागद अमोनियाच्या खोलीत जायचा आणि त्याच्या निळ्या प्रती निघायच्या. त्या वासानं सर्दी झालेल्या माणसाचंही नाक उघडायचं. साहेबानं एक रेघ बदलली की आम्ही अर्ध्या ब्लेडनं जुनी शाई खरवडायची, कागद न फाडता, आणि नवी ओढायची. एका नकाशात बदललं की तोच भाग ज्या ज्या नकाशात आहे तिथं तिथं बदलायचं. एखादा हमखास राहायचा, आणि तो राहिलेलाच नेमका मोठ्या साहेबांच्या हातात पडायचा.

तेव्हा मी विशीतली, दोन वेण्यांची आणि जिभेला हाड नसलेली. एकदा मी साहेबांना म्हणाले, "साहेब, असं काहीतरी पाहिजे, एका जागी खोडलं की सगळीकडं आपोआप खोडलं जाईल." साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "आणि एका जागी चुकलं की?" मी म्हणाले, "माझं चुकत नाही." हे वाक्य मी कुणाला सांगत नाही. आज सांगितलं.

सेक्रेटरी झाल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. पाण्याची नोटीस एक नाही, पाच. एक गेटवर, एक पंपाच्या खोलीत, आणि तीन विंगांच्या लिफ्टपाशी. (चौथ्या विंगची, म्हणजे आमच्या डी विंगची, लिफ्ट गेटसमोरच आहे, तिला वेगळी लागत नाही.) प्रत्येक नोटिशीचा मजकूर थोडा वेगळा, पण आत नकाशा तोच: हौद, पंप, चार व्हॉल्व्ह, चार टाक्या आणि त्यांच्यावर एक ते चार आकडे. क्रम बदलला की मी तो नकाशा बदलून पाचही ठिकाणी नव्यानं चिकटवायची. एकदा बी विंगच्या लिफ्टपाशी जुना राहिला. बी विंगची माणसं बादल्या घेऊन माझ्या दारात उभी.

माझी सून एका कारखान्यात आहे. तिथं यंत्रं बनतात, आणि यंत्रासोबत गिऱ्हाइकाला जे जाडजूड पुस्तक जातं, ते ती लिहिते. तिनं मला पाच नोटिशी पाच वेळा उघडताना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, तुम्ही चित्र चिकटवता कशाला? नुसतं जोडा ना."

"जोडू म्हणजे?"

"नोटिशीत चित्र ठेवायचंच नाही. चित्र कुठं आहे त्याचा पत्ता ठेवायचा. नोटीस उघडली की ती त्या पत्त्यावर जाऊन बघून येते, आणि तिथं आत्ता जे असेल ते दाखवते. तुम्ही चित्र एकदाच बदलायचं. पाचही नोटिशी आपोआप बदलतील."

मी तिच्याकडं अशी बघत राहिले की ती घाबरली. "आई, बरं वाटत नाही का?"

बरं? अगं, विशीत मागितलेलं सदुसष्टीत मिळालं होतं. तिनं करून दाखवलं. नकाशा कॉपी करायचा, नोटिशीत यायचं, आणि साधं पेस्ट करायचं नाही, पेस्ट स्पेशल करायचं. आपल्याकडं चहापासून थाळीपर्यंत सगळं स्पेशल असतंच, त्यामुळं ते मला लगेच पटलं. त्यात 'लिंक' म्हणून एक बारीकसा गोल असतो, त्यावर टिचकी मारायची. शेवटी सुनेनं विचारलं, "आई, आपोआप बदलू दे, की तुम्ही सांगाल तेव्हाच?"

"आपोआप!" मी म्हणाले. जणू मला कुणी विचारलं होतं, तुम्हाला पगार हवा की नको.

"बघा हं. सांगाल तेव्हाच ठेवलेलं बरं असतं कधीकधी."

"माझं चुकत नाही" हे शब्द पुन्हा जिभेवर आलेच होते. सुनेसमोर गिळले. आणि मग अतिशहाणपणाचं पुढचं पाऊल टाकलं: नोटिशीच्या मजकुरातून क्रम काढूनच टाकला. तिथं एकच ओळ ठेवली, "पाणी खालील नकाशाप्रमाणे सोडण्यात येईल." आता मजकूर जन्मात बदलायला नको. सगळं नकाशात.

पुढचे काही दिवस मी कुणालाही सोडलं नाही. भाजीवाल्यापासून खजिनदारांपर्यंत सगळ्यांना लिंक म्हणजे काय ते समजावलं. खजिनदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक सद्‍गृहस्थ. त्यांनी मान डोलावली, पण ते आयुष्यभर कर्जदारांपुढंही तशीच मान डोलावत आले असणार.

सी विंगमध्ये माझी मैत्रीण राहते. आम्ही सकाळी एकत्र फिरायला जातो आणि एकमेकींची लाज काढत परत येतो. त्या महिन्यात तिच्या घरी मोठा आनंद होता. तिच्या लेकीला किती वर्षांनी, किती दवाखाने झाल्यावर, मुलगी झाली होती. बारसं रविवारी अकरा वाजता, घरीच. पाहुणे पन्नाससाठ, आचारी घरात चूल मांडणार. आणि पाणी नेमकं शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे यायचं होतं.

"या खेपेला सी विंग पहिली ठेव," ती म्हणाली होती. "मी तुला कधी काही मागितलं नाही."

"गेल्या आठवड्यात माझं पुरणयंत्र मागितलंस. अजून तुझ्याकडंच आहे."

"ठेवशील का नाही ते सांग."

"ठेवते. शब्द दिला."

हा शब्द बुधवारी दिला. गुरुवारी सोसायटीची मीटिंग झाली. मी मोठ्या उत्साहानं उभी राहून लिंकचं महत्त्व सांगत होते, तर हीच बया खुर्चीतून सगळ्यांसमोर म्हणते, "हिला चित्रं काढत बसू द्या हो. पाण्याचं आपण बघू." मीटिंग खदाखदा हसली. खजिनदारसुद्धा हसले. मी खाली बसले आणि मनात म्हणाले, थांब.

शुक्रवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात गेले. आधी सरळमार्गी माणसासारखी सी विंगवर एकचा आकडा टाकला, कबूल केल्याप्रमाणे. आणि मग आठवलं: चित्रं काढत बसू द्या.

आता ऐका. ट्रेसर असताना मी हजारो मैलांचे कालवे काढले असतील, पण त्यातली एक रेघही माझी नव्हती. सगळी दुसऱ्याच्या रेघेवरून ओढलेली. स्वतःच्या मनानं मी त्या ऑफिसात एक टिंबही दिलं नाही. त्या दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं, वरती पंखा फिरत होता, आणि हातात माउस होता. मी सी विंगवरचा एक खोडला, चार लिहिला. एकचा आकडा आमच्या डी विंगला दिला. आणि सी विंगच्या टाकीवर तो उंट बसवला. नाक मुद्दाम तिच्यासारखं काढलं. जमलंही होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन आला, "आई, चहा टाकलाय." उठता उठता हातानं सवयीनं सेव्ह केलं. आमच्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं खुर्चीतून उठायच्या आधी सेव्ह करायचं हे अंगात भिनलेलं. मनात म्हटलं, पुसू की नंतर. नोटीस ती वेगळी, हा तर नुसता माझा नकाशा.

इथं मी चुकले, आणि माझ्या वयाची ट्रेसर चुकेल तशीच चुकले. आमच्या काळी कागद आपल्या टेबलावर आहे तोवर आपला. त्यावर माशी काढा, मोर काढा. अमोनियाच्या खोलीत जाईपर्यंत तो जगात कुणाला दिसत नाही. जिनं आठवडाभर भाजीवाल्याला लिंक समजावली, तिच्या हाताला अजून वाटत होतं की मध्ये कुठंतरी अमोनियाची खोली आहे.

शनिवारी मी दौलताबादला बहिणीकडं गेले. तिच्या मळ्यात पेरू उतरले होते. राहिले, गप्पा मारल्या, उंट साफ विसरले. रविवारी सकाळी पेरूची पिशवी घेऊन रिक्षानं सोसायटीच्या गेटपाशी उतरले. रिक्षावाला सुट्टे पैसे शोधता शोधता गेटवरची नोटीस बघून म्हणाला, "क्या अम्मा, तुम्हारी सोसायटी में ऊँट पालते क्या?"

मी नोटीस बघितली. नोटिशीतून उंटानं मला बघितलं.

धावत पंपाच्या खोलीत गेले. आमचे वॉचमनमामा व्हॉल्व्ह बंद करून हात पुसत होते. भिंतीवर नोटीस, नोटिशीत उंट.

"मामा, सी विंगला पाणी?"

"नाय सुटलं, ताई. हौद आटला. नकाशापरमानं डी, ए, बी भरल्या टम्म. सी चा नंबर येईस्तोवर खाली गाळ."

"अहो, पण उंट बघून तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. उंटाला लई दिस पाणी लागत नाय, व्हय ना? म्हणलं, सी विंगला या खेपेला दम धरा म्हणायलेत मॅडम."

यापेक्षा अचूक नकाशावाचन मी आमच्या एकाही साहेबाचं बघितलं नव्हतं.

खजिनदार जिन्यात भेटले. मी नव्हते म्हणून शनिवारी रात्री उशिरा नोटिशी त्यांनीच छापून लावल्या होत्या. "मॅडम, त्या कॉम्प्युटरनं प्रत्येक नोटीस उघडताना विचारलं, अद्ययावत करू का? मी बँकेतला माणूस. जन्मभर पासबुकं अद्ययावत केली, नाही कसं म्हणू?"

"आणि उंट?"

"मला वाटलं, सोसायटीचा नवीन लोगो आहे."

वर माझी सून दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आई, मी विचारलं होतं." मग टँकरला फोन लावायला लागली. रविवारी टँकर म्हणजे काय ते आमच्या शहरात कुणालाही विचारा. सगळ्यांचं उत्तर एकच: संध्याकाळी बघू.

लिफ्टची वाट न बघता सी विंगचा जिना मी कशी चढले ते माझे गुडघेच जाणोत. दार उघडं होतं. आत पाळणा सजवलेला, झेंडूच्या माळा, आणि ओट्यापाशी आचारी मोकळ्या पातेल्याकडं बघत उभा.

"या, सेक्रेटरीबाई," मैत्रीण म्हणाली. "उंट खाली बांधून आलात?"

"अगं, ते मी गंमत म्हणून..."

"गंमत? सगळी सोसायटी म्हणतेय, हिनं स्वतःची विंग पहिली भरून घेतली आणि आमच्या टाकीवर जनावर बसवलं. घरात थेंब नाही. काल ड्रम धुऊन पालथे घातले मी, आज आपला पहिला नंबर म्हणून. तू शब्द दिलास म्हणून." इथं तिचा आवाज फाटला. "पोरीनं किती वर्षं वाट बघितली या दिवसाची. तिच्या सासरची माणसं अकरा वाजता येणार, आणि मी त्यांना हात धुवायला पाणी देऊ शकत नाही."

आतल्या खोलीतून तिची लेक बाळाला घेऊन दारात आली. मी खिडकीतून आमच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघितलं. पाईप काय माझ्या नकाशासारखा थोडाच, खोडला आणि वळवला! डी विंगच्या टाकीतलं पाणी सी विंगमध्ये यायला वाटच नव्हती. मग सुचलं: पाणी इकडं येत नसेल तर बारसं तिकडं जाईल.

"पाळणा उचल," मी म्हणाले. "माझ्याकडं चल."

"तुझ्याकडं? चोरीचं पाणी आलंय त्या घरी?"

"हो. टाकी उतू चाललीय."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर चल म्हणते."

"आणि पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, सेक्रेटरी येडी आहे."

"ते नोटीस वाचून कळेलच त्यांना," ती म्हणाली. पण पाळण्याची एक माळ सोडायला लागली होती.

मग जी वरात निघाली ती आमच्या सोसायटीनं आधी कधी बघितली नसेल. पाळणा लिफ्टमध्ये मावेना. खजिनदार आणि मामांनी तो जिन्यानं उतरवला, अंगण ओलांडून आमच्या जिन्यानं चढवला. खजिनदार दर वळणावर "अलगद, अलगद" म्हणत होते, आणि पाळणा रिकामा होता. मागून आचारी, त्याची पातेली, मसालेभाताचं सामान, जिलबीचं भिजवलेलं पीठ, आणि शेवटी बाळाला घेऊन लेक.

मी ऑफिसात गेले. म्हटलं, लिंकनं बिघडवलं, लिंकच सुधारेल. नकाशा उघडला, उंट पुसला, गेटपासून आमच्या विंगपर्यंत ठळक बाण काढला आणि लिहिलं: बारसं डी विंगमध्ये. सेव्ह केलं. पाचही नोटिशी उघडून बघितल्या. पाचहीत बाण! काय ते समाधान! अशी टेचात बाहेर आले, तर लेकीच्या सासरची पहिली गाडी सी विंगच्या दारात उभी, आणि एक आजोबा लिफ्टपाशी डोकं खाजवत उंटाकडं बघतायत.

कागद कसा बदलेल? कागदाला कुठं पत्ता माहीत असतो? छापून भिंतीवर गेलं ते गेलं. आणि प्रिंटरची शाई खजिनदारांनी पाच उंट छापण्यात संपवली होती. मग काय, पिशवीतला काळा पेन काढला, मामांकडून दाढीचं ब्लेड मागून अर्धं केलं, आणि गेटपासून सुरुवात करून एकेक उंट खरवडला, एकेक बाण ओढला. कागद एकही फाटला नाही. आजोबा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा." मी म्हणाले, "हातच चांगला आहे."

बारसं दणक्यात झालं. आमच्या दिवाणखान्यात पाळणा हलला, बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले की ती पाळण्यावरच पडायची. साठ माणसं जेवली, साठ माणसांनी हात धुतले, आणि त्यातली निम्मी मला बघून तोंड फिरवून हसली. मी प्रत्येकाला पाणी नेऊन दिलं. कुणी पाण्याला नको म्हणालं तरी दिलं. सुनेनं मला मधेच कोपऱ्यात गाठून विचारलं, "आई, आता लिंक 'सांगाल तेव्हाच' वर ठेवू का?" मी मान डोलावली, अगदी खजिनदारांसारखी.

दुपारी पाहुणे गेले. लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली. ताटांचा डोंगर ओट्यापासून मोरीपर्यंत पसरला होता, आणि मी पदर खोचून घासायला बसले होते. मैत्रीण दारात स्टूल ओढून बसली, हातात उरलेल्या जिलबीची वाटी. मी नळ बारीक केला आणि विचारलं, "अजून रागावलीयस?"

तिनं जिलबीचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाली:

"रागावले तर आहेच, तो राग आठवडाभर राहील. पण खरं सांगू का, घरी केलं असतं तर हा सगळा ढीग मला घासावा लागला असता. पुढल्या साली हिचा पहिला वाढदिवस आहे, तेव्हाही अशीच काहीतरी चूक कर बाई. फक्त दोन दिवस आधी सांग, म्हणजे मी घर सजवायच्या आधीच सगळं तुझ्याकडं आणते."